लग्नातला हौशी फोटोग्राफर आणि फोटोमागचं नाव



लग्नसराई जवळ आली की हल्ली बऱ्याच घरांत एक वाद होतो. भाचा किंवा पुतणी म्हणते, "मी काढते ना फोटो, माझ्याकडे चांगला कॅमेरा आहे." तिने आजवर फुलं, देऊळ, वाढदिवस असले फोटो काढलेले असतात, लग्नाचे कधीच नाही. वडीलधारी मंडळी म्हणतात, "अगं, अंतरपाट एकदाच दूर होतो. तो क्षण हुकला तर पुन्हा उभं करणार का दोघांना?" दोघांचंही खरं असतं. मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळात हाच विषय निघाला आणि बोलता बोलता मला वाटलं, ही हौशी मंडळी फोटोच्या जगात आली तरी कधीपासून, ते जरा बघावं. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, इतिहास माझा विषय नव्हे. पण जमाखर्चाची वही मागे मागे चाळत गेलं की पहिली नोंद सापडते, तशी इथेही सापडली. तीच आज तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवातच हौशी लोकांनी केली

फोटो काढण्याची डागेरची रीत १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाली. त्यानंतर १५ वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भारतातली ही पहिलीच. तिच्या सुरुवातीच्या सभासदांत आपले डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी होते. दोघेही पेशाने वैद्य, कॅमेरा ही हौस. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून एक मासिक अल्बम निघत होता, दर अंकात खरेखुरे फोटो चिकटवलेले. त्याच्या नावातच 'हौशी' हा अर्थ होता: द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम. म्हणजे धंदेवाईक फोटोग्राफर पहिले आणि हौशी मागून आले असं काही नाही. आपल्याकडे दोघं जवळजवळ बरोबरच चालायला लागले.

मग या मंडळींनी लग्नाचे फोटो का काढले नाहीत? कारण सोपं आहे, ते काढणं शक्यच नव्हतं. तेव्हा काचेवर ओलं रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायचा. समोरच्या माणसाने काही सेकंद पुतळ्यासारखं उभं राहायचं. मंडपात होमाचा धूर, पाहुण्यांची गर्दी, अक्षतांचा पाऊस, त्यात कोण स्थिर उभं राहणार? खुद्द इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचं लग्न १८४० मध्ये झालं, त्याचा फोटो नाही. १८५४ मध्ये रॉजर फेंटन या फोटोग्राफरसमोर राणी आणि तिचा नवरा दरबारी पोशाखात उभे राहिले, पण तोवर लग्नाला १४ वर्षं होऊन गेली होती! आपल्या पणजी-आजीच्या पिढीचे जे जोडीचे फोटो आहेत तेही असेच, लग्नानंतर सवडीने स्टुडिओत जाऊन काढलेले. मागे रंगवलेला पडदा, बाजूला तिपाईवर फुलदाणी, नवरा खुर्चीत आणि बायको उभी. आपल्या भागातली माणसं त्यासाठी बार्शीला किंवा सोलापूरला जायची.

त्या काळातली आणखी एक गोष्ट मला फार लागली. मुंबईच्या विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांचं पुस्तक काढलं, मुंबईत राहणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांच्या फोटोंचं. स्टुडिओत काढलेली माणसं आणि दुसरीकडचा देखावा एकत्र जोडून ते फोटो केले होते. त्यात बायका आहेत, नऊवारी आहे, दागिने आहेत. फोटोखाली लिहिलंय ते जातीचं किंवा समाजाचं नाव. ती बाई कोण, कोणाची लेक, तिला काय म्हणून हाक मारत, याचा पत्ता नाही. फोटो आहे आणि माणूस हरवलाय. हे लक्षात ठेवा, कारण पुढे यावरच यायचं आहे.

आपल्याच संस्थानातला एक जैन हौशी

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या जिल्ह्याला नळदुर्ग जिल्हा म्हणत, मग उस्मानाबाद झालं आणि आता पुन्हा धाराशिव. या संस्थानाचा दरबारी फोटोग्राफर कोण होता माहीत आहे? राजा दीनदयाळ. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधना गावी, एका जैन घरात.

हे दीनदयाळ काही स्टुडिओत वाढलेले नव्हते. रुडकीच्या कॉलेजात अभियांत्रिकी शिकले आणि इंदूरच्या बांधकाम खात्याच्या कचेरीत नकाशे आणि अंदाजपत्रकं करण्याची नोकरी धरली. १८७४ च्या सुमारास, तिशीत, नोकरी सांभाळून त्यांनी हौस म्हणून कॅमेरा हातात घेतला. हात बसला, साहेबांच्या नजरेत आला, मध्य भारतातल्या जुन्या वास्तूंचे फोटो काढायला त्यांना दौऱ्यावर नेण्यात आलं. मग नोकरी सुटली आणि हौसेचा धंदा झाला. सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी, त्यांना दरबारी फोटोग्राफर नेमलं आणि 'मुसव्विर जंग' असा किताब दिला. सिकंदराबाद, इंदूर आणि नंतर मुंबई, असे त्यांचे स्टुडिओ होते. १९०५ मध्ये ते वारले. १९८९ मध्ये त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या.

कचेरीत आकडेमोड करणारा माणूस तिशीत शिकायला बसतो आणि एवढा पुढे जातो, हे वाचून मला फार बरं वाटलं. आणि एक गोष्ट खास आवडली. त्यांच्या फोटोंवर क्रमांक घातलेले दिसतात. हिशोबाच्या माणसाची सवय! क्रमांक असला की नोंद लागते, नोंद लागली की माणूस सापडतो.

पण याच दीनदयाळांच्या कामात आपल्या मराठवाड्याचं एक वेगळं चित्रही आहे. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ, ज्याला जुनी माणसं छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, त्या वेळी औरंगाबाद भागातल्या दुष्काळी लोकांचे आणि मदतकार्याचे फोटो त्यांनी काढले. हाडं वर आलेली माणसं रांगेत उभी. ती नवरा-नवरी म्हणून कॅमेऱ्यासमोर आली नव्हती. मुंडावळ्या बांधून फोटो काढायला मिळणं ही किती नशिबाची गोष्ट आहे, ते हे फोटो पाहून कळतं.

जनान्याची भिंत

१८९२ मध्ये दीनदयाळांनी हैदराबादेत बायकांसाठी वेगळा स्टुडिओ उघडला. त्याला 'जनाना स्टुडिओ' म्हणत. भोवती उंच भिंती, आत पुरुषाला मज्जाव, आणि तिथलं काम पाहायला केनी-लेव्हिक नावाची इंग्रज बाई. पडद्यातल्या घरंदाज बायका परपुरुषासमोर फोटोला बसणार नाहीत, हे ओळखून केलेली ही सोय. व्यापारी डोकं म्हणा हवं तर, पण त्यात एक समज होती: कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे यावर समोर कोण बसणार हे ठरतं.

आपल्या घरांत पडदा तसा नव्हता, पण पदर होता. मांडवात पुरुष फोटोग्राफर आला की सासुरवाशिणी मान खाली घालायच्या, म्हाताऱ्या आत सरकायच्या. फोटोग्राफरला सांगितलेलं असायचं स्टेजचं: मंगलाष्टका, हार, सप्तपदी, मान्यवर पाहुणे. तो यजमान पुरुषांना विचारून फोटो काढायचा. त्यामुळे जुने अल्बम काढून बघा, फेटेवाले काका सात फोटोंत सापडतील आणि जिने पहाटेपासून पुरणाचा घाट घातला ती काकू एकाही फोटोत नसेल.

कॅमेऱ्यामागच्या बाईचं नाव पुसलं जाणंही काही नवीन नाही. होमाई व्यारावाला, जन्म १९१३, नवसारीच्या पारशी घरातल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या, देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते माणेकशॉ यांच्या, म्हणजे ज्यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं त्यांच्या नावाने. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. नाव मिळायला किती वर्षं जावी लागली बघा.

बारा फोटोंचा हिशोब

घरच्या माणसाच्या हातात कॅमेरा आला तो स्वस्त झाल्यावर. १८८८ मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला आणि काचेऐवजी रोल आला. आपल्याकडे मात्र मध्यमवर्गीय घरात कॅमेरा म्हटलं की एकच आठवतो, बडोद्याला तयार होणारा आग्फा क्लिक थ्री. काळा, ठोकळ्यासारखा. कडक ऊन की ढगाळ एवढंच ठरवायचं. मागे लाल काचेची खिडकी, त्यातून रोलचा आकडा दिसायचा. एका रोलमध्ये फक्त १२ फोटो.

माझ्या मावसबहिणीचं लग्न १९८२ मध्ये झालं, भूम तालुक्यातल्या एका गावात. मी नुकतीच बी.कॉम. झाले होते. दादाचा क्लिक थ्री माझ्या हातात आला आणि रोलही एकच. शहरातून ठरवलेला फोटोग्राफर होताच, त्याला मंगलाष्टकांपासून पुढचं काम दिलेलं. मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी वहीच्या पानावर १ ते १२ आकडे घातले आणि पुढे लिहीत गेले: १. हळद दळणाऱ्या बायका. २. विहिरीवर पाणी गाळताना मामी. ३. करवल्या. असं करत बारा.

आपल्या लग्नांचा एक फायदा मला त्या दिवशी कळला. रात्री जेवायचं नाही, म्हणून सगळ्या पंगती सूर्यास्ताआधी. त्यामुळे पंगतीला छान उजेड! फ्लॅश नसलेल्या साध्या कॅमेऱ्याला याहून मोठी देणगी कोणती? वाढणाऱ्या बायकांचा एक फोटो चारच्या उन्हात असा आलाय की मठ्ठ्याच्या तांब्यावरची चमकसुद्धा दिसते.

चुलीपाशी आजी बसली होती. मी कॅमेरा धरला तशी तिने हात आडवा केला. "कशाला गं माझा फोटू? नवरीचा काढ जा. रोल वाया जाईल." त्या पिढीला वाटायचं, फोटो काढला की आयुष्य कमी होतं. मी म्हटलं, "आजी, एकच. बारापैकी एक तुझा." ती हसली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. तो अकरावा फोटो. ती पुढे सहा वर्षं जगली. तिचा दुसरा फोटो कोणाकडेही नाही. आज तिच्या सात नातवंडांच्या घरांत तोच फोटो आहे.

फोटोग्राफरचा अल्बम सुंदरच झाला होता. मंगलाष्टकांचे फोटो मला कधीच जमले नसते. ते त्याचं काम, त्याने चोख केलं. पण चुलीपाशी जायचं त्याला कारणच नव्हतं. आणि तो गेला असता तर आजी उठून आत गेली असती.

या फोटोची किंमत

एक गोष्ट आपण जैन बायकांनी तरी जाणून घ्यावी म्हणून सांगते. जुन्या फोटोंचा कागद अल्ब्युमेन कागद म्हणून ओळखला जाई. १८५० मध्ये तो निघाला आणि त्यावर थर असायचा अंड्याच्या पांढऱ्याचा. दीनदयाळांच्या काळातले बरेच फोटो याच कागदावरचे. पुढे ओल्या काचेची कटकट गेली ती जिलेटिनमुळे, आणि जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढलेला पदार्थ. १८७१ मध्ये मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने त्याची कोरडी काच सुचवली. तेव्हापासून क्लिक थ्रीच्या रोलपर्यंत आणि आपल्या अल्बममधल्या छापील फोटोंपर्यंत सगळीकडे जिलेटिनच होतं. आजच्या मोबाइलमधल्या फोटोला ते लागत नाही.

हे वाचून कोणी जुने फोटो टाकून देऊ नका हं! मला उलट वाटतं. ज्या वस्तूसाठी कुठल्या तरी जिवाचा काही भाग खर्ची पडला आहे, ती निष्काळजीपणे ठेवणं, कपाटाच्या मागे कुबट करणं, हे जास्त वाईट. आणि ज्याला तसा खर्च नाही त्या मोबाइलच्या फोटोंचंही अपरिग्रहाच्या नजरेने बघावं. एका लग्नात तीन हजार फोटो काढले आणि पुन्हा एकदाही उघडले नाहीत, तर तो साठा झाला, आठवण नव्हे.

आता मुद्द्याचं

आपल्यातल्या कितीतरी घरांत भिंतीवरचा सर्वात जुना फोटो आचार्य शांतिसागर महाराजांचा असतो. १९५५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली. तो फोटो कोणाचा, हे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. पण त्याच घरातल्या ट्रंकेत लग्नाच्या फोटोंचं पाकीट असतं, आणि त्यातल्या निम्म्या बायका कोण, हे सांगणारं आता कोणी नसतं. जॉन्सनच्या पुस्तकातल्या बायकांसारखंच झालं की. नऊवारी आहे, नथ आहे, नाव नाही. तिथे परक्या माणसाने नाव लिहिलं नाही, इथे तर आपण घरच्यांनीच लिहिलं नाही.

आपल्या बाबतीत तर नावं दुप्पट हरवतात. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं जायचं आणि माहेरचं नाव मागे पडायचं. हळदीच्या फोटोतली मुलगी आणि सप्तपदीच्या फोटोतली सून एकच, पण नातवाला ते कसं कळणार?

म्हणून घरातल्या हौशी मुलीला लग्नाचे फोटो काढू द्या, असं माझं मत झालं आहे. मंगलाष्टका, अंतरपाट, सप्तपदी यासाठी अनुभवी माणूस जरूर ठेवा, तिथे प्रयोग नको. पण स्वयंपाकघर, हळद, पंगत, म्हाताऱ्या, पाठवणीच्या आधी नवरीच्या खोलीतली शेवटची दहा मिनिटं, हे तिचं. तिचे फोटो थोडे वाकडे येतील, एखादीचं डोकं कापलं जाईल. पण समोर कोण आहे हे तिला माहीत असतं. तिला बघून काकू आत पळत नाही. आणि तिच्या हातात कॅमेऱ्याबरोबर एक वही द्या. फोटोचा आकडा, डावीकडून उजवीकडे नावं, माहेरचं नाव, सासरचं नाव, गाव.

जुन्या फोटोंचं काम आपण करायचं. जाड कागदी फोटो असेल तर मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, बॉलपेन नको, ते पुढे उमटतं. नंतरच्या रंगीत फोटोंच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, त्यांना लहान पाकिटात घालून पाकिटावर लिहा. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो अडकले असतील तर ओढून काढू नका, आहे तसाच मोबाइलवर फोटो घ्या आणि नावं वहीत लिहा. आणि हे काम एकटीने करू नका. पर्युषणात, दसलक्षणात सगळ्या देवळात जमतोच. दुपारी एक पाकीट घेऊन ऐंशीच्या पुढच्या एखाद्या आत्याजवळ बसा. ती एक नाव सांगेल आणि त्याला धरून दहा आठवणी सांगेल.

मी माझ्या माहेरच्या फोटोंची वही सुरू केली आहे. आजवर ६४ फोटो झाले. त्यातल्या ९ बायकांची नावं अजून मिळाली नाहीत. भूम, परांडा, कळंब भागात ज्यांचं माहेर असेल त्यांनी मला जरूर कळवा, मी फोटो घेऊन येईन.

जय जिनेंद्र.